हिब्रू शब्दाचा अर्थ कसा शोधायचा: 'नेफेश' हातात घेऊन एकेक पायरी

बायबल अभ्यासाच्या ग्रुपवर एक वाक्य सतत फिरत असतं, "मूळ हिब्रूत या शब्दाचा अर्थ अमुक आहे". त्याखाली एखाद्या ॲपचा स्क्रीनशॉट असतो, त्यात पाच-सहा इंग्रजी अर्थ, आणि त्यातला जो आवडला तो उचलून त्यावर अख्खं प्रवचन उभं केलेलं असतं. याने खरंच नुकसान होतं, कारण ऐकणारा माणूस विश्वासाने ऐकतो आणि मूळ भाषेचं नाव घेतलं की तो पुढे प्रश्नच विचारत नाही. म्हणून हे सगळं नीट क्रमाने लिहितोय. एकच शब्द घेतो, नेफेश, ज्याचं भाषांतर कधी आत्मा तर कधी जीव असं होतं, कारण मराठी वाचक याच शब्दात सगळ्यात जास्त अडकतो आणि योग्य क्रमाने गेला तर याच शब्दात मराठी त्याला सगळ्यात जास्त मदतही करते.

हिब्रू येत नसलं तरी चालेल, पण क्रम मोडायचा नाही. बहुतेक चुका ज्ञान कमी म्हणून होत नाहीत, डिक्शनरी आधी उघडली म्हणून होतात.

० : बसण्याआधी काय लागेल

दोन मराठी भाषांतरं लागतील. एक बायबल सोसायटीचं नेहमीचं पवित्र शास्त्र आणि दुसरं कुठलंही वेगळं, मिळालं तर पंडिता रमाबाईंचं, कारण ते थेट हिब्रू-ग्रीकवरून केलेलं आहे. एक जुनं इंग्रजी म्हणजे किंग जेम्स आणि एक आजकालचं इंग्रजी. मग एक इंटरलिनियर, म्हणजे हिब्रू ओळीखाली शब्दाला शब्द लावून दाखवणारं साधन. बायबल हब, ब्लू लेटर बायबल, स्टेप बायबल हे तिन्ही फुकट आहेत, त्यातलं कुठलंही एक पुरे. आणि एक वही किंवा एक्सेल शीट.

हिब्रूची २२ अक्षरं ओळखता आली तर फार बरं, निदान तुमच्या शब्दातली तरी शिकून घ्या. नेफेशमध्ये तीनच आहेत, नून, पे, शीन. वाचन उजवीकडून डावीकडे. शीनवरचा ठिपका उजवीकडे असेल तर श, डावीकडे असेल तर स, हे एकदा डोळ्यात बसलं की निम्मे गोंधळ कमी होतात.

थांबा: वचनांचे आकडे जुळतात का ते आधी बघा. हिब्रू बायबलमध्ये स्तोत्राचं वरचं शीर्षक बऱ्याच ठिकाणी पहिलं वचन म्हणून मोजलेलं असतं, त्यामुळे आपल्या मराठीतलं स्तोत्र ६९:१ हे हिब्रूत ६९:२ असतं. योना २:५ हिब्रूत २:६ होतं. योएलात तर अध्यायच वेगळे, आपल्याकडे तीन, हिब्रूत चार. सेफारियासारख्या ज्यू संग्रहात शोधताना हे विसरलात तर तुम्ही भलत्याच वचनातला शब्द बघत बसाल आणि तुमच्या लक्षातही येणार नाही.

१ : प्रश्न एका वचनाचा करा

"नेफेश म्हणजे काय?" हा प्रश्न कामाचा नाही. "स्तोत्र ६९:१ मध्ये नेफेश म्हणजे काय?" हा कामाचा. शब्दाला अर्थ वाक्यात येतो. आपण मराठीत "घर बांधलं", "घर बसलं", "बुद्धिबळातलं घर" असं सहज बोलतो आणि कोणी तिन्हीचा मिळून एक खोल अर्थ काढत बसत नाही. हिब्रू माणूसही तसाच बोलत होता.

म्हणून वहीत वर वचनाचा पत्ता लिहा, खाली पूर्ण वचन, आणि त्याच्या आधीची-नंतरची चार-पाच वचनंही. एकटं वचन कॉपी करून ठेवू नका.

२ : तोच शब्द आहे ना, ते पक्कं करा

ही पायरी लोक गाळतात. मराठीत "आत्मा" दिसला की हिब्रूत नेफेश असेल असं धरून चालतात. पण मराठी बायबलमध्ये "आत्मा" हा बहुतेक वेळा रुआख या वेगळ्याच शब्दासाठी येतो, रुआख म्हणजे वारा, श्वास, आत्मा. "पवित्र आत्मा" मधला आत्मा तो. आणि तिसरा शब्द आहे नेशामा, म्हणजे श्वास. तिन्ही एकमेकांच्या जवळ राहतात, पण ते एक नाहीत.

इथे स्ट्राँगचे नंबर उपयोगी पडतात, म्हणजे स्ट्राँगच्या शब्दसूचीत बायबलमधल्या प्रत्येक मूळ शब्दाला दिलेला क्रमांक. नेफेश ५३१५, रुआख ७३०७, नेशामा ५३९७. इंटरलिनियरमध्ये शब्दावर बोट ठेवलं की नंबर दिसतो, तो वहीत लिहून घ्या.

थांबा: हिब्रूची यादी वेगळी आणि ग्रीकची वेगळी, दोन्ही एकपासूनच सुरू होतात. ग्रीक यादीतला ५३१५ म्हणजे खाणे. नव्या करारातलं वचन घेऊन हिब्रू यादीत शिरलात तर असंच काहीतरी हाताला लागेल. नव्या करारात नेफेशच्या जागी साधारण प्सुखे हा ग्रीक शब्द येतो, नंबर ५५९०, आणि त्याचा अभ्यास वेगळा करायचा.

३ : शब्द कोणत्या रूपात आलाय

हिब्रूत 'माझा', 'तुझा', 'त्याचा' हे वेगळे शब्द सहसा नसतात, ते नामाच्या शेपटीला चिकटतात. आणि 'आणि', 'मध्ये', 'ला' हे शब्दाच्या सुरुवातीला चिकटतात. त्यामुळे पानावर नेफेश असाच दिसेल असं नाही. नफ्शी म्हणजे माझा नेफेश, नफ्शो म्हणजे त्याचा नेफेश, अनेकवचन नेफाशोत. स्तोत्र १०३ ची सुरुवात "बारखी नफ्शी" अशी आहे, तिथे नेफेश शोधत बसलात तर सापडायचा नाही.

म्हणून सर्च करताना पानावरचं रूप टाकू नका, नंबर टाका. रूप टाकलंत तर थोडीच वचनं येतील आणि तुम्ही त्यावरून "हा शब्द फक्त स्तोत्रांतच येतो" असं काहीतरी ठरवून मोकळे व्हाल.

अजून एक बघा, तो नाम आहे की क्रियापद. नेफेशच्याच अक्षरांचं एक क्रियापद आहे, ते सगळ्या हिब्रू बायबलात तीनदाच येतं, निर्गम २३:१२, निर्गम ३१:१७ आणि २ शमुवेल १६:१४. अर्थ दम घेणे, ताजंतवानं होणे. त्याचा नंबर वेगळा आहे, ५३१४. नामाच्या यादीत ते मिसळू नका, बाजूला लिहून ठेवा.

४ : वापर गोळा करा, डिक्शनरी अजून बंदच

खरं काम इथे आहे आणि वेळही इथेच द्यायचा. नेफेश हिब्रू बायबलात साडेसातशेच्या आसपास वेळा येतो. सगळी वचनं बघणं एका आठवड्यात होणार नाही आणि गरजही नाही, पण चार सोयीची वचनं उचलणं हा अभ्यास नाही. मी सांगतो तशी निवड करा: आधी ज्या पुस्तकातलं तुमचं वचन आहे त्या पुस्तकातले सगळे वापर, मग त्याच जातीच्या लिखाणातले (काव्य असेल तर काव्य, नियमशास्त्र असेल तर नियमशास्त्र), मग ज्या क्रियापदाबरोबर तो आलाय त्याच क्रियापदाबरोबरचे बाकीचे, आणि शेवटी उत्पत्तीपासून सुरुवातीचे पन्नासएक, म्हणजे साध्या गद्यात लोक तो शब्द कसा वापरत होते ते कळतं.

शीटमध्ये पाच कॉलम करा. पत्ता, नेफेश कोणाचा (माणूस, जनावर, देव, अधोलोक), त्याचं काय होतंय म्हणजे क्रियापद, शेजारी जोडीला कुठला शब्द आहे, आणि शेवटच्या कॉलममध्ये त्या जागी साध्या बोली मराठीत तुम्ही काय म्हणाल ते. शेवटचा कॉलम भरताना बायबलची भाषा विसरा, घरात बोलता तसं लिहा.

हे नीट भरलंत की काय दिसतं ते सांगतो, कारण हे पहिल्यांदा बघताना माणूस खरंच थबकतो.

उत्पत्ती २:७ मध्ये देव मातीच्या माणसाच्या नाकात श्वास फुंकतो (इथे शब्द नेशामा आहे) आणि माणूस "नेफेश हय्या" होतो. किंग जेम्सने इथे जिवंत आत्मा या अर्थाचे शब्द घातले, आणि त्यावरून "देवाने माणसात आत्मा घातला, जनावरात नाही" असं शिकवलं जातं. आता शीट बघा. उत्पत्ती १:२० मध्ये पाण्यातले प्राणी नेफेश हय्या आहेत. १:२४ मध्ये गुरंढोरं नेफेश हय्या आहेत. २:१९ मध्ये आदाम ज्यांना नावं देतो ते पशुपक्षी नेफेश हय्या आहेत. अगदी तेच दोन शब्द. भाषांतरकाराने मासे-जनावरांच्या वेळी प्राणी म्हटलं आणि माणसाच्या वेळी आत्मा म्हटलं, म्हणून वाचणाऱ्याला फरक दिसला. हिब्रू ऐकणाऱ्याला तो त्या शब्दात दिसत नव्हता. आणि वचन नीट वाचा, माणसाला नेफेश मिळाला असं तिथे नाहीये, माणूस नेफेश *झाला* असं आहे.

तपासा: शेवटच्या कॉलममध्ये सगळीकडे एकच मराठी शब्द आलाय का? आला असेल तर तुम्ही वचन वाचून भरलेलं नाही, आधी ठरवून भरलंय. परत भरा.

५ : ढीग लावा

आता सारख्या वाटणाऱ्या ओळी एकत्र करा. ढीग किती व्हावेत ते आधी ठरवू नका. नेफेशचे माझ्या मते हे होतात, तुमचे एक-दोन इकडेतिकडे झाले तरी हरकत नाही.

गळा. हो, शरीराचा भाग. यशया ५:१४ मध्ये अधोलोक आपला नेफेश रुंद करतो आणि अमर्याद तोंड उघडतो. अधोलोकाला आत्मा कुठला, तो घसा पसरतोय. हबक्कूक २:५ तसंच. योना २:५ मध्ये पाणी नेफेशपर्यंत चढतं.

भूक, ओढ, इच्छा. नीतिसूत्रे २३:२ मध्ये खादाड माणसाला "बआल नेफेश" म्हटलंय, म्हणजे भुकेचा धनी. नीतिसूत्रे २७:७ मध्ये तृप्त नेफेश मधाचं पोळं तुडवतो आणि भुकेल्या नेफेशला कडूही गोड लागतं. अनुवाद २३:२४ मध्ये शेजाऱ्याच्या मळ्यात गेलास तर नेफेशप्रमाणे द्राक्षं खा, पण भांड्यात भरून नेऊ नकोस, इथे आपण मनसोक्त म्हणू. उत्पत्ती २३:८ मध्ये अब्राहाम हेथी लोकांना म्हणतो तुमचा नेफेश असेल तर, म्हणजे तुमची मर्जी असेल तर.

जीव, म्हणजे जगणं. निर्गम २१:२३ जिवाबद्दल जीव. लेवीय १७:११ शरीराचा नेफेश रक्तात आहे. या ढिगातलं मला सगळ्यात भिडणारं वचन अनुवाद २४:६, कर्जापायी कोणाचं जातं किंवा जात्याची वरची तळी गहाण ठेवून घेऊ नकोस कारण तो नेफेश गहाण ठेवणं आहे. ज्या घरात रोजचं दळण त्या जात्यावर होतं तिथे जातं उचलून नेणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला लागत नाही.

माणूस, मोजण्यातला. निर्गम १:५, याकोबाच्या वंशातले सत्तर नेफेश. उत्पत्ती १४:२१, सदोमचा राजा म्हणतो नेफेश मला दे, माल तू घे. लेवीयातले "जो नेफेश पाप करील" वगैरे नियम याच ढिगात, तिथे अर्थ 'जो कोणी' एवढाच.

मी स्वतः. नफ्शी अनेकदा फक्त 'मी' चं जोरदार रूप असतं, स्तोत्र १०३ मध्ये कवी स्वतःलाच हाक मारतोय.

आणि प्रेत. गणना ६:६ मध्ये नाजीराने, म्हणजे देवासाठी खास व्रत घेतलेल्या माणसाने, "नेफेश मेत" जवळ जायचं नाही, मेलेला नेफेश. लेवीय २१:१ मध्ये तर मेत हा शब्दही नाही, नुसता नेफेश, आणि अर्थ प्रेत. ज्यांनी नेफेश म्हणजे अमर आत्मा असं पाठ केलंय त्यांनी हा ढीग कधी बघितलेलाच नसतो, कारण भाषांतरात तिथे शव किंवा प्रेत लिहिलेलं असतं आणि खाली नेफेश आहे हे कळायला मार्गच नसतो.

थांबा: हे सगळे ढीग एका वचनात ओतू नका. "नेफेश म्हणजे गळा, भूक, जीव, माणूस, तेव्हा अनुवाद ६:५ मध्ये देवावर गळ्याने, भुकेने, जिवाने, सगळ्याने प्रेम कर" हे ऐकायला छान लागतं, पण कुठल्याही भाषेत कोणी एका शब्दात त्याचे सगळे अर्थ एकदम बोलत नाही. एका वचनात एक अर्थ, फार तर त्याच्या शेजारची एक छटा, तीसुद्धा वाक्यात पुरावा असेल तर.

६ : आता तुमच्या वचनाकडे या, शेजार बघा

स्तोत्र ६९:१. किंग जेम्सप्रमाणे पाणी माझ्या आत्म्यापर्यंत आलंय. पुढचं वचन वाचा, मी खोल चिखलात रुततोय, पाय टेकायला जागा नाही, खोल पाण्यात आलोय. तिसऱ्या वचनात ओरडून ओरडून घसा कोरडा पडलाय (इथे घशाला वेगळा शब्द आहे, गारोन). बुडणाऱ्या माणसाचं चित्र आहे, पाय सापडत नाहीत आणि पाणी वर चढतंय. पाणी कुठपर्यंत येतं? गळ्यापर्यंत. म्हणून नवी इंग्रजी भाषांतरं इथे मान किंवा गळा म्हणतात. मराठीत तर "पाणी गळ्यापर्यंत आलं" हे संकटासाठी आपण आजही म्हणतो.

काव्यात सगळ्यात मोठा आधार म्हणजे ओळींची जोडी. हिब्रू कवी एक गोष्ट म्हणतो आणि दुसऱ्या अर्ध्या ओळीत तिला जोड देतो. स्तोत्र १०५:१८ बघा, योसेफाबद्दल आहे, त्याचे पाय बेड्यांनी दुखावले, आणि लगेच, लोखंडात आला त्याचा नेफेश. एका बाजूला पाय, दुसऱ्या बाजूला नेफेश, दोन्हीकडे कैद्याच्या अंगावरचं लोखंड. तर हा मानेतला लोखंडी पट्टा. जुन्या एका इंग्रजी भाषांतराने इथे लोखंड आत्म्यात शिरलं असं केलं आणि ते वाक्य इंग्रजीत म्हण होऊन बसलं, पण कवी पायांशेजारी मान ठेवत होता.

उलट उदाहरणही घ्या, नाहीतर गळा सापडला म्हणून सगळीकडे गळाच लावत सुटाल. स्तोत्र ६३:१, माझा नेफेश तुझ्यासाठी तहानलाय, माझा देह तुझ्यासाठी झुरतोय, रुक्ष जमिनीत जिथे पाणी नाही. जोडीला देह आहे, क्रियापद तहान आहे, त्यामुळे घशाची कोरड त्या चित्रात ऐकू येते हे खरं, पण "माझा गळा तुझ्यासाठी तहानलाय" असं लिहिलंत तर देवासाठीची ओढ हरवते. इथे जीव. 'गळा' टीपेत द्या.

तपासा: तुमच्या निवडीला त्याच वचनात किंवा शेजारच्या वचनात बोट दाखवता येईल असा आधार आहे का? नसेल तर सगळ्यात साधा, सगळ्यात जास्त वेळा येणारा अर्थ घ्या. दुर्मीळ अर्थाला पुरावा लागतो.

जोडशब्द वेगळे काढा. "मर नेफेश" म्हणजे शब्दशः कडू नेफेश, पण १ शमुवेल २२:२ मध्ये दाविदाकडे जमलेले नाराज, पिचलेले लोक, आणि २ शमुवेल १७:८ मध्ये पिल्लं गेलेल्या अस्वलीसारखे चवताळलेले. तुकडे करून अर्थ लावू नका, जोडीचा अर्थ जोडीतच बघा.

७ : आता डिक्शनरी उघडा

आता ती तुमची मदतनीस आहे, आधी उघडली असती तर मालकीण झाली असती. ब्राऊन-ड्रायव्हर-ब्रिग्सची डिक्शनरी १९०६ ची, जुनी आहे पण फुकट मिळते आणि प्रत्येक अर्थाखाली वचनं देते. तिथे तुमचं वचन कुठल्या अर्थाखाली ठेवलंय ते शोधा आणि तुमच्या ढिगाशी पडताळा. जुळलं तर उत्तम, नाही जुळलं तर का नाही ते वहीत लिहा. ती जुनी असल्यामुळे नवीन एखादी बघायला मिळाली तर तीही बघा.

इथे तीन चुका नेहमी होतात. पहिली, स्ट्राँगच्या यादीत शेवटी जे शब्द दिलेले असतात त्यांना लोक अर्थ समजतात. ते अर्थ नाहीत, किंग जेम्सवाल्यांनी तो शब्द कुठे-कुठे कसा भाषांतरित केला त्याची यादी आहे. नेफेशसाठी त्यात आत्मा या अर्थाचा इंग्रजी शब्द ४७५ वेळा, जीवन ११७ वेळा, मग मन, हृदय, शरीर, व्यक्ती असं बरंच. यावरून एका काळच्या भाषांतरकारांची सवय कळते, हिब्रूचा अर्थ नाही.

दुसरी चूक मुळाची. "मूळ धातू श्वासाचा, म्हणून नेफेशचा *खरा* अर्थ श्वास." शब्द कुठून आला यावरून तो त्या वाक्यात काय म्हणतोय हे ठरत नाही. अक्कादी भाषेतला नपिश्तू, युगारितीतला नपश, अरबीतला नफ्स हे त्याचे भाऊबंद आहेत आणि अक्कादी-युगारितीतही गळा आणि जीव दोन्ही अर्थ दिसतात. याने गळ्याच्या अर्थाला पाठबळ मिळतं, पण निर्णय वचनाचाच.

तिसरी, काळ मिसळणं. कब्बालामध्ये, म्हणजे ज्यूंच्या गूढवादी परंपरेत, नेफेश, रुआख, नेशामा या आत्म्याच्या तीन पायऱ्या मानतात. ते कित्येक शतकांनंतरचं आहे. ते उत्पत्तीत नेऊन घालू नका. आजच्या इस्रायलमधल्या बोलीतला अर्थही घालू नका.

८ : मराठीत बसवा

इथे आपल्याला दोन गोष्टी सांभाळायच्यात. एक धोका आणि एक देणगी.

धोका म्हणजे "आत्मा". मराठी कानाला आत्मा म्हटलं की देहाहून वेगळा, न मरणारा, एक वस्त्र टाकून दुसरं घेणारा असा अर्थ न सांगता ऐकू येतो, मग ऐकणारा कुठल्याही धर्माचा असो. तो अर्थ आपल्याकडे फार खोल रुजलाय आणि त्याच्या जागी तो मोठा आहे. पण नेफेश रक्तात असतो, सुकतो, भुकेला होतो, मरतो. यहेज्केल १८:४ सरळ म्हणतं, जो नेफेश पाप करील तो मरेल. इथे आत्मा लिहिला की मराठी वाचक अडखळणारच.

देणगी म्हणजे "जीव". गणना ११:६ मध्ये रानात मान्ना खाऊन कंटाळलेले लोक म्हणतात आमचा नेफेश सुकलाय, आणि आपण म्हणतो जीव सुकला. योनाथानाचा नेफेश दाविदाच्या नेफेशला बांधला गेला, आपण म्हणतो जीव जडला, जिवाभावाचा. नेफेश घ्यायला टपलेत, जीव घ्यायला टपलेत. जनावर मुका जीव, पोर एवढासा जीव, आणि प्राण कंठाशी आले म्हणताना तर जगणं आणि गळा आपणही एकत्र आणतो. इतका लांबवर साथ देणारा शब्द इंग्रजीवाल्यांकडे नाही, त्यामुळे इंग्रजीवरून मराठीत येणं सोडा, हिब्रूवरून थेट जिवाकडे या.

पण जीवही सगळीकडे चालत नाही. प्रेताच्या ढिगात नाही चालणार, गळ्याच्या ढिगात नाही, "सत्तर जीव" पेक्षा "सत्तर माणसं" बरं. आणि जीव-शिव अशी जोडी ज्याच्या कानात आहे त्याला जीवातही तत्त्वज्ञान ऐकू येऊ शकतं, म्हणून वाक्य रोजच्या बोलण्याच्या जवळ ठेवा.

तपासा, चार प्रश्न: तुम्ही निवडलेला शब्द जनावरांच्या वचनात टाकला तर वाक्य उभं राहतं का? "मेला" हे क्रियापद लावलं तर? हा अर्थ माहीत नसलेल्या एखाद्या मावशींना किंवा आजोबांना वाचून दाखवला तर त्यांना काय कळलं, तुम्ही न समजावता? आणि शब्द बदलल्यावर वचनाचा मुख्य मुद्दा बदलतोय का? चौथ्याचं उत्तर हो असेल तर परत पायरी ६.

९ : विरुद्ध जाणारी वचनं टाळू नका

तुमच्या निष्कर्षाच्या विरुद्ध बोलणारी निदान दोन वचनं स्वतः शोधा. नेफेशसाठी ती ही. उत्पत्ती ३५:१८, राहेल बाळंतपणात मरते तेव्हा तिचा नेफेश निघून जात असताना तिने मुलाचं नाव ठेवलं. आणि १ राजे १७:२१-२२, एलीया प्रार्थना करतो की या मुलाचा नेफेश त्याच्यात परत येवो, आणि तो येतो. इथे नेफेश जातो-येतो, म्हणजे देहाहून वेगळा आत्मा नाही का? असं वाचणारे आहेत आणि त्यांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही.

मी असं बघतो. राहेलच्या वचनात लगेच पुढे "कारण ती मरण पावली" असं आहे, आणि आपणही जीव गेला म्हणतो तेव्हा तो कुठे गेला हे सांगत नसतो. मुलाच्या गोष्टीत १७:१७ ला आजाराचं वर्णन करताना त्याच्यात नेशामा उरला नाही असं आहे, म्हणजे श्वास. श्वास थांबला, जीव परत आला. त्यामुळे इथेही जीव पुरतो. पण मेल्यावर माणसाचं काय होतं हा प्रश्न एका शब्दावरून सुटत नाही, त्यासाठी बाकीची वचनं वेगळी वाचावी लागतात. शब्दाच्या अभ्यासाने सिद्धांत सिद्ध झाला असं कोणी म्हणालं तर सावध व्हा, मग तो सिद्धांत तुम्हाला पटणारा का असेना.

१० : लिहून द्या, असं

टीप छोटी ठेवा. वचन, हिब्रू शब्द आणि नंबर, तुमचं मराठी, कारण त्याच परिच्छेदातून, दुसरा शक्य अर्थ, आणि खात्री किती. नमुना म्हणून:

"स्तोत्र ६९:१ (हिब्रू ६९:२). नेफेश, ५३१५. मराठी: पाणी माझ्या गळ्यापर्यंत आलंय. कारण: पुढच्या वचनात चिखल, टेकायला जागा नाही, खोल पाणी, बुडणाऱ्याचं चित्र. याच शब्दाचा असा वापर योना २:५ मध्ये पाण्याबरोबरच. दुसरा शक्य अर्थ: पाणी जिवावर आलंय. खात्री: बरीच. इथे आत्मा नको."

ग्रुपवर टाकताना "मूळ हिब्रूत खरा अर्थ" असं लिहू नका, "या वचनात मला असं दिसतं, कारण" असं लिहा, आणि कारण खरंच द्या, म्हणजे दुसऱ्याला तुमचं काम तपासता येईल. शीटची लिंकही द्या.

पुढचा शब्द घ्यायचा असेल तर रुआख घ्या, पण नवीन शीटवर. नेफेशचे ढीग त्याला लावायला जाऊ नका.